कवाडाची अर्धी धून

आमच्या भिंतीला भिंत लावून जो राहतो, त्याला सगळी गल्ली कवाड म्हणते. आईबापांनी ठेवलेलं बरं नाव त्याला आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तोच मागे वळून पाहतो, की कुणाला बोलावताहेत. उंचीला दाराएवढा, रुंदीला दारापेक्षा चार बोटं जास्त, त्यामुळे स्वतःच्या घरात शिरतानाही खांदा तिरका करतो. नाक दोनदा मोडलंय, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, म्हणून आता साधारण सरळ दिसतं. उजवा कान सुकलेल्या अंजिरासारखा. असा हा माणूस रविवारी सकाळी नाकावर चष्मा चढवून, हातात बोटाएवढी कानस घेऊन, पोलादाच्या इवल्याशा पट्टीचं टोक घासत बसतो, असं सांगितलं तर तुम्ही मलाच थापाड्या म्हणाल. म्हणा. मला सवय आहे.

कवाडाने ऐन उमेदीची वर्षं दारातच काढली. मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात तळमजल्यावर, चार पायऱ्या चढून, एक नाचघर होतं. लोक तिथे प्यायचे, नाचायचे आणि मग एकमेकांची थोबाडं रंगवायचे. या तिसऱ्या कार्यक्रमाला आवर घालायला मालकाने याला काळा कोट देऊन दारात उभा केला. तोंड रस्त्याकडे, पाठ गाण्याकडे. आत एक काटकुळा माणूस इलेक्ट्रिक पियानो वाजवायचा. कवाडाला तो दिसायचा तो फक्त येताना आणि जाताना. मधला सगळा वेळ त्याने तो पियानो पाठीने ऐकला.

बंद व्हायची वेळ झाली की काटकुळा एक संथ धून काढायचा. लोकांनी शहाण्यासारखं कोट घालून घरी जावं म्हणून. पण प्यालेल्या माणसाला संथ धून सोसत नाही. अर्धे रडायला लागायचे आणि उरलेले अर्धे, कोण रडतंय ते बघून हसायचे. की लगेच खुर्ची उडालीच. धून निम्म्यावर आली की कवाडाला आत बोलावणं यायचं. मग दात, कोपर, बाटली, गुडघा. कुणाचं डोकं टेबलाच्या कडेवर, कुणाचा अंगठा कवाडाच्या डोळ्यात. कानात रक्ताची धडधड आणि लोकांच्या शिव्या. शेवटच्या माणसाला पायऱ्यांखाली पोचवून तो परत येईपर्यंत काटकुळ्याने पियानोचं झाकण लावलेलं असायचं. इतकी वर्षं त्याने ती धून ऐकली, आणि ऐकली ती अर्धीच. पुढे काय होतं ते विचारायची त्याला लाज वाटायची. हाडं मोडणाऱ्याने असलं काही विचारू नये, असं त्याचं मत.

नियमाने मार खाणाऱ्या गिऱ्हाइकांत एक पोरगेला इसम होता. दोन पेले पोटात गेले की जगाशी वैर घ्यायचा. एकदा कवाडाने त्याला कॉलर आणि पट्टा धरून पायऱ्यांवरून फेकला. वरचा ओठ मधोमध फाटला. खाली फुटपाथवर त्याची थोरली बहीण त्याला न्यायला नेहमीसारखी उभी होती. तिने भावाला नुसतं ओलांडलं, पायऱ्या चढून वर आली आणि मुठीतल्या किल्ल्यांच्या जुडग्यासकट कवाडाला एक ठेवून दिली. भुवई हाडापर्यंत उघडली. तिथे अजून केस उगवत नाहीत. लोक मुलगी पाहायला जातात; याला मुलीनेच पाहून घेतलं. वर्षाच्या आत लग्न. आमची वहिनी ती हीच, आणि फाटक्या ओठाचा तो मेहुणा.

या मेहुण्याला एक हत्यार सापडलं होतं. कवाडाच्या मनातली ती धून बहिणीकडून त्याला कळली, आणि तेव्हापासून प्रत्येक भांडणात तो तेच काढायचा. म्हणायचा, मी आत बसलेला असायचो, दाजी, मी ऐकलंय शेवटपर्यंत. आणि शेवट असा आहे, की ऐकलात तर तुम्ही लहान पोरासारखे रडाल. मग सांग की, असं कवाड म्हणाला की हा मिशीत हसायचा. मेहुण्याची एक रीत होती: चहाला बसला की दाजींना तुम्ही, मारामारीला तू.

दाराची नोकरी सुटली ती एका डोळ्यापायी. त्याच धुनेच्या वेळी एकजण फुटकी बाटली घेऊन अंगावर आला. कवाडाने मनगट पिरगाळून त्याला भिरकावला. तो पायऱ्यांच्या कठड्यावर तोंडावर पडला, आणि कठड्याला लोखंडी भाले होते. डोळा जागच्या जागी गेला. बाटली त्याच्या हातात होती हे सगळ्यांनी पाहिलेलं, म्हणून कवाडावर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कोट घडी करून परत दिला. तो माणूस ओरडत होता तेव्हा आत धून चालू होती का, एवढंच कवाडाला आठवत नाही. आणि तेच त्याला आठवायचं असतं. चालू असली तर ती धून त्याला कायमची नकोशी होईल, असं तो मला एकदा म्हणाला, आणि मग महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

नंतर तो पाडकामाला लागला. जुन्या इमारती घणाने पाडायच्या. आता मारायचं ते भिंतींना, भिंतींना डोळे नसतात. त्याच टोळीत मेहुणाही होता. या टोळ्यांचा एक कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही पण त्यावरून डोकी फुटतात: पाडायच्या इमारतीत जी वस्तू सापडेल, तिच्यावर पहिला घाव ज्याचा, ती मुकादमाकडून भंगाराच्या भावात विकत घ्यायचा हक्क त्याचा. कढई असो, कमोड असो, हात लावून भागत नाही. घणच बसला पाहिजे. म्हणून या लोकांच्या घरातली प्रत्येक चांगली वस्तू कुठे ना कुठे चेमटलेली असते.

आणि मग ते हॉटेलच पाडायला आलं.

नाचघराची मागची भिंत पडली, धूळ बसली, आणि कोपऱ्यात कवाडाला तो पियानो पहिल्यांदा नीट समोरून दिसला. चार लोखंडी पायांवर ठेवलेली फुगीर बॅग असावी तसा. पिवळट प्लास्टिकचं झाकण, त्याखाली बोटांनी दाबायच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. कवाडाने घण उचलला आणि तसाच उभा राहिला. हात खाली येईना. हॉलच्या दुसऱ्या टोकाला मेहुणा होता. त्याने दाजींचा वर गेलेला घण पाहिला, काय आहे ते ओळखलं आणि विटांवरून धावत सुटला, स्वतःचा घण फिरवत. त्याला पियानोशी घेणंदेणं नव्हतं. दाजींना जे हवं त्यात आपला वाटा हवा, एवढंच. तो पोचला असता तर पियानोचा भुगाच. मग कवाडाने मारला. जपून मारला म्हणतो, पण घण जपून मारायची वस्तू आहे का? डाव्या टोकाच्या जाड सुरांवरचं झाकण फुटलं, आत पोलाद किंचाळलं. त्याच क्षणी मेहुण्याचा घाव पुढच्या पायावर बसला, पाय वाकला आणि पियानो गुडघ्यावर आला.

पहिला घाव कुणाचा? तू खोटारडा, तू हलकट, इथून सुरुवात झाली. मेहुण्याने विटेचा तुकडा कवाडाच्या कानशिलावर मारला. कवाडाने त्याचं डोकं पडक्या भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. मेहुण्याने दंडाला चावा घेतला तो सुटेना, म्हणून कवाडाने गुडघा वर घातला तेव्हा चाव्यासकट दोन दातही तिथेच राहिले. एक तर दंडात रुतलेला होता. मुकादम पानटपरीवर उभं राहावं तसा बघत उभा. शेवटी म्हणाला, उभा आहे तो घेईल. कवाड उभा होता. डोळ्यांत रक्त उतरल्यामुळे आपण उभे आहोत की नाही हे त्यालाही नक्की सांगता येत नव्हतं, पण उभा होता.

तर अशी ही खरेदी. घरी हातगाडीवरून आणला. वहिनीने आधी नवऱ्याचा दंड पाहिला, मग गाडीवरची वस्तू, मग पदराने तोंड पुसत विचारलं, की माझ्या भावाचे दात कुठे आहेत. ते कवाडाने खिशातून काढून दिले. त्यानंतर आमच्या भिंतीवर पातेली आपटल्याचे आवाज आले. मी मोजायच्या भानगडीत पडलो नाही, पण स्वयंपाकघरात काही शिल्लक राहिलं नसावं.

झाकण काढल्यावर आत काय असतं हे मी पाहिलंय. तारा नसतात. कंगव्यासारख्या पत्र्याच्या फटींत पोलादाच्या चपट्या पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात, आणि प्रत्येक पट्टीखाली तिला मारायला एक छोटी हातोडी. अशा चौसष्ट. चौसष्ट कला ऐकून होतो, चौसष्ट हातोड्या प्रथमच पाहिल्या. वहिनी म्हणाली, दिवसभर एक हातोडा पुरत नव्हता म्हणून घरात एवढे आणलेत.

बाजारामागच्या बोळात एक म्हातारा रेडिओवाला आहे. तशाच एका मेलेल्या पियानोच्या पट्ट्या त्याच्याकडे डब्यात पडून होत्या. त्याने कवाडाला सगळं दाखवलं. पट्टीच्या टोकाला डाकाचा, म्हणजे वितळवलेल्या कथिलाचा, एक थेंब असतो. थेंब कानसीने घासला की सूर चढतो, जास्त घासला गेला तर पुन्हा डाक लावून उतरवायचा. पट्टी आणि कंगवा यांच्यात धुळीचा कण गेला की पियानो थुंकल्यासारखा आवाज करतो, तो फुंकून काढायचा. आणि त्या कंगव्यावर दीडशे व्होल्ट असतात, मागच्या डब्यात तर थेट घरची वीज, म्हणून मागचं फळकूट काढलं असेल तेव्हा एक हात खिशात ठेवायचा. एकच हात आत गेला तर झटका बसला तरी छातीतून आरपार जात नाही. कवाडाच्या कामाच्या चड्डीला खिसाच नव्हता. वहिनीने अबोल्यातच तो शिवून दिला.

आता गंमत ऐका. धून त्याने कानाने शोधली, एका बोटाने, कोंबडी दाणे टिपते तशी. महिनाभराने ती ओळखू यायला लागली. पण जिथे लोक भांडायला उठायचे त्या जागेशी आला की याची बोटं आपोआप मूठ व्हायची. धाड. आत पट्टी तुटायची, टंग करून. की चालला बोळात. रेडिओवाला वैतागून म्हणाला, अरे हा वाजवायचा आहे, पाडायचा नाही. घणाने मोडलेल्या डावीकडच्या सोडल्या, तर बदललेल्या पट्ट्या सगळ्या तिथल्याच, मधल्या सुरांच्या. बाकीचा पियानो ठणठणीत. मी सुचवलं, की पुढचं मनाने जोड आणि मोकळा हो. तो म्हणाला, खोटं कशाला जोडायचं, खरं ज्याला ठाऊक आहे तो जिवंत आहे.

म्हणजे मेहुणा. आणि मेहुण्याने भाव सांगितला होता: पियानो विकायचा, अर्धे पैसे मला, मग शेवट गुणगुणून दाखवतो. कवाड म्हणाला, पियानोच गेला तर शेवट काय भिंतीवर वाजवू? मेहुण्याने शपथ घेतली, की पहिला घाव माझाच होता, आणि शेवटचाही मीच घालेन.

एका रविवारी सकाळी घातलाच. मी वर्तमानपत्र मागायला म्हणून त्यांच्या दारात उभा होतो. पियानो गुणगुणत होता, तो दोष शोधायला कवाडाने मागचं फळकूट उघडलं होतं आणि वीज चालू ठेवली होती. वहिनीने नुकतीच फरशी पुसलेली. मेहुणा मला ढकलून आत आला तो हातात पहार घेऊन, अनवाणी, तोंडाला सकाळीच वास. कवाड म्हणाला, मागे हो, वीज आहे. कवाडाच्या तोंडून पहिल्यांदाच विनंती निघाली आणि मेहुण्याला वाटलं हा घाबरला. त्याने पहार मागच्या डब्यात खुपसली.

माणूस ओरडतो असं आपल्याला वाटतं. तो ओरडला नाही. दातांचा करकर आवाज आला, उरलेल्या. मान मागे गेली, दोन्ही मुठी पहारेवर आवळल्या, ओल्या फरशीवर टाचा थडथडायला लागल्या. जळक्या केसांचा वास. बटण पियानोच्या मागे, म्हणजे मेहुण्याच्याही मागे. कवाडाचा एक हात अजून खिशात होता. तो त्याने बाहेर काढला, कोपऱ्यातला घण उलटा धरला, लोखंड आपल्याकडे, लाकडी दांडा पुढे, आणि पूर्ण ताकदीने मेहुण्याच्या हातांवर मारला. एका घावात सुटला नाही. दुसऱ्याला हाड मोडल्याचं मी ऐकलं, सुक्या फांदीसारखं. पहार खणखणत पडली आणि मेहुणा तिच्यावर.

वहिनी आतून धावत आली ती दुसऱ्या घावाला. तिने पाहिलं ते एवढंच: नवऱ्याच्या हातात घण आणि भावाचा हात कोपराखाली भलत्याच ठिकाणी वाकलेला. तिने हातातला तवा नवऱ्याच्या डोक्यात घातला. तवा गरम होता. कवाड खाली बसला, आणि बसल्या बसल्या पडलेल्या मेहुण्याच्या बाजूने सरकत जाऊन आधी बटण बंद केलं.

गल्लीत बातमी पसरली, की दाजींनी मेहुण्याला घणाने मारलं. मेहुणाही इस्पितळातून तेच सांगत होता. विजेला चिकटून कोळसा होणार होतो आणि दाजींनी वाचवलं, यापेक्षा दाजींनी हात मोडला हे सांगायला बरं. मारामारीत इज्जत तरी राहते. खरं काय ते मी पाहिलेलं, आणि जीभ नुसती वळवळत होती. पण कवाड मला जिन्यात गाठून म्हणाला, "तू गप्प बस." माझ्यासारख्याला गप्प बस म्हणणं म्हणजे नळाला झोप म्हणण्यासारखं. तरी बसलो. त्याचा हात तेव्हा माझ्या मानेवर होता. वहिनीने पियानोवर जुनी चादर टाकली आणि सांगितलं, भंगारवाला येईल त्या दिवशी हा जाईल. कवाडाने तेही ऐकून घेतलं.

भंगारवाला यायच्या आधी मेहुणा आला. हाताला कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. खुर्चीत बसला, बहिणीने दिलेला चहा डाव्या हाताने संपवला, कप खाली ठेवला आणि कपाकडेच बघत म्हणाला, "ताई, मी चिकटलो होतो. यांनी सोडवलं."

वहिनी नवऱ्याकडे बघत राहिली. डोक्यावरच्या भाजल्याच्या डागाकडे. मग तिने चादर काढली, घडी केली आणि कपाटात ठेवली.

"आता शेवट सांग," कवाड म्हणाला.

मेहुण्याने बराच वेळ प्लास्टर खाजवलं. वरून खाजवून काय होणार?

"कुठला शेवट, दाजी? मला कधी ऐकू दिलात तुम्ही? दर वेळी त्याच्या आधीच फेकायचात."

मी दारात होतो. मला वाटलं, आता दुसरा हात जातो. कवाडाची मूठ वळलीही. पण वहिनी मधेच म्हणाली, अगदी भाजी निवडताना बोलावं तशी, "शेवट नव्हताच. मी बाहेर उभी असायचे ना. तुमची जुंपली, की तो वाजवणारा थांबायचा. झाकण लावल्याचा आवाज यायचा, आणि मग तुम्ही याला फेकायचात."

"दर वेळी?"

"दर वेळी. कोण वाजवेल तुमच्या गोंधळात?"

कवाड खाली बसला. बराच वेळ त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं शिव्या देतोय. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे त्या माणसाचा डोळा गेला, तेव्हाही बंदच होती."

त्याने उठून वीज लावली, पियानोपुढे बसला आणि वाजवू लागला. ऐकवत नाही असं नाही. जड आहे हात, पण ऐकवतं. ती जागा आली. त्याची बोटं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर तशीच थांबली, उघडी. मूठ झाली नाही. झाकणाकडे हात जाणार, इतक्यात मेहुणा खुर्चीतून उठला आणि प्लास्टरसकट आख्खा हात डाव्या टोकाच्या जाड सुरांवर आदळला. धाड. टंग. एक पट्टी गेली.

"हा घ्या शेवट," तो म्हणाला.

कवाडाने डाव्या हाताने त्याच्या कानाखाली वाजवली. तो खुर्चीसकट पडला. पडल्या पडल्या हसत होता, फाटक्या ओठातून, आणि मोडका हात पोटाशी धरून कळवळतही होता. वहिनीने दोघांनाही फडक्याने झोडपलं.

पट्टी रेडिओवाल्याकडून आली. कवाड घासत बसला, एक हात खिशात. प्लास्टर सुटलं तरी मेहुणा रविवारी येतोच. धून त्या जागेपर्यंत येते, क्षणभर सगळं घर थांबतं, मग धाड, मग टंग, मग कानाखाली. आमच्याकडे आता त्याशिवाय कुणी जेवायला बसत नाही.